बरणीवरची खूण

परड्यातली चूल पेटलेली होती, आणि भर दुपारी ती पेटायचं काही कारण नव्हतं.

लॅबमधली वीज गेली म्हणून मी त्या दिवशी बारालाच घरी आले. दारातच वास आला. आलं, लसूण आणि त्याच्याखाली आणखी काहीतरी. मी लातूरकडची, लिंगायताच्या घरातली. आमच्या उंबऱ्याच्या आत कधी अंड्याचं टरफलसुद्धा आलं नाही. ज्यानं आयुष्यात कधी खाल्लं नाही, त्याच्या नाकाला तो वास सगळ्यांच्या आधी कळतो. मी चपला न काढता तशीच मागच्या दारी गेले.

आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढं बसल्या होत्या. मला बघितलं आणि त्यांनी हातातलं पातेलं लाकडांच्या ढिगामागं सरकवलं. चटका बसला असणार, कारण बोटं तोंडात घातली.

"आज लवकर आलीस?"

"लाईट गेली. काय शिजतंय आक्का?"

"कुटं काय? पानी तापवालोय."

गडहिंग्लजकडच्या बायका स्वतःबद्दलही 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. लग्नाला आठ महिने झाले तरी माझे कान त्याला सरावले नव्हते. तिथली मराठी माझीच, पण कुठला शब्द कधी दगा देईल त्याचा नेम नव्हता.

"आलं-लसूण घालून पाणी तापवताय?"

"नाक हाय का काय हाय गं तुजं?" आक्का उठून माझ्या आणि लाकडांच्या मध्ये उभ्या राहिल्या. "जा, हातपाय धू. त्या लॅबातलं रगात-बिगात घिऊन परड्यात येऊ नगंस."

मी गेले. पण मनात म्हटलं, आक्का, आता तुम्ही आणि मी.

एकोणीस वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी पंचवीसची होते आणि माझ्याइतकी संशयी बाई अख्ख्या तालुक्यात नसेल. आई म्हणायची, महानंदा दुधात पाणी शोधत नाही, पाण्यात दूध शोधते. पण त्या वेळी माझ्या संशयाला सबळ कारण होतं. माझे सासरे आबा हळूहळू डायलिसिसच्या दिशेनं चालले होते आणि त्यांना कोण ढकलतंय ते मला शोधून काढायचं होतं.

आबा एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. बुधवार-शुक्रवार मटण आणि रविवारी तांबडा-पांढरा रस्सा, असं साठ वर्षं चाललेलं. गणपतीनंतर त्यांचे पाय सुजायला लागले. मीच घरी रक्त काढलं, लॅबमध्ये मीच तपासलं. क्रिएटिनिन दोन पॉइंट चार. मूत्रपिंड किती थकलंय ते सांगणारा तो आकडा, दीडच्या आत असायला हवा. मी मशीन पुसून दुसऱ्यांदा लावलं, तरी तेच आलं.

माझ्यासाठी ते नुसते सासरे नव्हते. धैर्यशीलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, माझं नाव घरात काढलं तेव्हा आक्का दोन महिने त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. चौगुल्यांच्या घरात लिंगायताची सून, मटणाला नाक मुरडणारी! तेव्हा आबाच म्हणाले होते, "अगं, पोरगी रगात काढती, रगात पीत न्हाई. आन तिला घरात." त्या एका वाक्यावर माझं लग्न झालं. त्या माणसाचा आकडा चढत होता आणि मी तो स्वतःच्या हातानं कागदावर उतरवत होते.

डॉक्टर वैशंपायन मॅडम पुण्याहून नुकत्याच आमच्याकडे आल्या होत्या. आबांना घेऊन आक्का गेल्या, मला लॅब सोडता आली नाही. संध्याकाळी रिपोर्ट पोचवायला गेले तेव्हा मॅडमनी मलाही सांगितलं: मटण-मासे-अंडी बंद, मीठ बंद. महिनाभरात आकडा उतरला तर गोळ्यांवर निभेल. चढत राहिला तर आठवड्यातून दोनदा कोल्हापूर, सुया आणि मशीन.

रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असायचा. मी आबांची डाळ, भाजी, भाकरी बिनमिठाची करायला लागले. आबा एक घास खायचे आणि ताटाकडं असे बघायचे, की मलाच कसंतरी व्हायचं. चौथ्या दिवशी आक्कांनी बोट बुडवून डाळ चाखली.

"ह्यात मीठ कुटाय?"

"मॅडमनी बंद केलंय ना."

"कवा? मी हुतो की तितं. मिठाचं नावसुदीक काढलं न्हाई तिनं."

"मला सांगितलंय त्यांनी."

"व्हय व्हय. तुलाच सांगितलं आसंल." आक्कांनी बोट पदराला पुसलं. "आधी मटन सोडवा, मंग मीठ सोडवा, मंग गळ्यात लिंग बांधा. मला कळत न्हाई व्हय?"

म्हणजे त्यांचा संशय माझ्यावर! मी आबांना शाकाहारी करायला निघालेय असा. मला हसावं की रडावं कळेना. आबा कॉटवर होते. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त काढलं. तीन पॉइंट एक. पथ्य करून उतरायच्या ऐवजी चढलं होतं, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी मी ते पातेलं लाकडांमागं जाताना बघितलं. त्या संध्याकाळी मी सरळ विचारलं.

"आक्का, तुम्ही आबांना मटण घालताय."

आक्कांनी हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं. "जोतिबाची आन घिऊन सांगतो. मटनाचा एक तुकडा ह्या मानसाच्या तोंडात गेला आसंल, तर माजी जीभ झडू दे."

"मग आकडा कसा चढला?"

"ते तू सांग. लॅब तुजी, सुई तुजी, कागुद तुजा. आकडाबी तुजाच की!"

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. "म्हणजे मी खोटा रिपोर्ट करते?"

"मी कुटं म्हनलं? मी म्हनलं, आकडा तुजा."

मी आबांकडं बघितलं. म्हटलं, आता तरी बोलतील. आबा भिंतीकडं तोंड करून घोरायला लागले. इतक्या पटकन माणसाला झोप लागत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी आक्कांवर डोळे रोखून बसले होते.

रात्री धैर्यशील कारखान्यातून आला, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या दोघींच्यात मला घालू नकोस. माझा चरकात ऊस होतोय." हा त्याचा एकच विनोद, आणि तो कारखान्यातला.

मग मी कंबर कसली. दुसऱ्या दिवशी लॅबला जाताना मटण मार्केटवरून गेले. त्या गल्लीत मी पहिल्यांदाच पाय ठेवत होते. पदर नाकाला लावला आणि दस्तगीर मुलाणीच्या दुकानापुढं उभी राहिले. आबांचा वीस वर्षांचा खाटीक तो.

"वैनी, तुमी?" त्याच्या हातातला सुरा थांबला. "घरात सगळं बरं हाय न्हवं?"

"आमच्या आक्का येतात का हल्ली?"

"येत्यात की. रोज. पंधरा-वीस दिस झालं. पावशेर." तो मोकळ्या मनानं सांगत होता बिचारा. "पर तुकडं नगोत म्हनत्यात. नळी दे, मानंचं दे, हाडं चांगली दे. आबांना कसं हाय आता?"

"बरं आहे," म्हटलं आणि निघाले. रोज पावशेर! जोतिबाची शपथ घेऊन! आणि वर मलाच खोटी ठरवलं. माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. तुकडे का नकोत, या एका गोष्टीवर मी क्षणभर थांबले असते तर पुढचे पंधरा दिवस वाचले असते. पण रागाला कान नसतात.

तरी मी लगेच बोलले नाही. शपथेवर शपथ नको, कागदावर कागद ठेवू, असं ठरवलं. महिना भरला त्या सोमवारी रक्त काढलं. तीन पॉइंट सहा. कागद हातात धरून मी लॅबच्या स्टुलावर बसले आणि मला रडू आलं. बाईनं नवऱ्याला जिभेच्या चोचल्यासाठी मारावं? चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला?

घरी आले तर दाराला कुलूप. शेजारची म्हणाली, आक्का आबांना घेऊन निपाणीला पाहुण्यांकडं गेल्यात, सकाळच्याच गाडीनं. पाय सुजलेल्या माणसाला घेऊन निपाणीला? कुठले पाहुणे?

दिवे लागायच्या सुमाराला दोघं आली. आबा सरळ कॉटवर आडवे झाले. आक्का माझ्यापुढं उभ्या राहिल्या. तोंड उतरलेलं. पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. निपाणीच्या एका लॅबचा रिपोर्ट होता. तीन पॉइंट सात.

"पाव्हनं-बिव्हनं कोन न्हाई," त्या म्हणाल्या. "तुजा आकडा खोटा हाय का, बघाय गेलतो. तुजा आकडा खरा हाय पोरी."

आठ महिन्यांत त्या मला पहिल्यांदा पोरी म्हणाल्या होत्या. पण मी कुठली विरघळतेय! मी माझा पत्ता काढला.

"आणि दस्तगीरचं पावशेरही खरं आहे. रोज. नळी आणि मान."

मला वाटलं, आता त्या ढासळतील, पाया पडतील, निदान रडतील तरी. आक्का माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या, वेड्या माणसाकडं बघावं तशा.

"मंग? आनायला नगो व्हय? तेच तर द्याला सांगितलंय."

"कुणी?"

"डाक्टरनीनं!"

"मॅडमनी मटण द्यायला सांगितलं?"

"मटन कुटं म्हंतो मी? मटन बंद केलंय. तुकडा न्हाई दिला, शपत काय उगंच घेतली?" आक्का तरातरा देव्हाऱ्याकडं गेल्या, अंगाऱ्याच्या डबीखालची चिठ्ठी आणली आणि माझ्यापुढं धरली. "दुसरी शिकलोय मी. एकेक अक्षार लावून वाचलंय. तू तर शिकलेली हाईस. वाच."

मॅडमचं अक्षर सुंदर होतं. आबांनीच मराठीत लिहून मागितलं होतं म्हणे. दोनच ओळी.

मटण, चिकन, मासे, अंडी बंद.
महिनाभर अळणी द्या.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. "बरोबर आहे की. अळणी द्या म्हणजे…"

"म्हंजे आळनी!" आक्का म्हणाल्या. "मटन शिजवायचं, हळद-आलं-लसूण घालून. तिखाट न्हाई, मसाला न्हाई. त्येचं पानी ते आळनी. बाळंतिनीला देत्यात, आजाऱ्याला देत्यात. मी म्हनलं, पुन्याची आसून डाक्टरीन शानी हाय! तुकडं बंद केलं, पर मानसाच्या अंगात ताकद ऱ्हावी म्हनून आळनी द्याला सांगितलं. रोज दोन वाट्या दिल्या. परड्यात करत हुतो, तुज्या नाकाला तरास नगो म्हनून. तुजी भांडी बाटू नयेत म्हनून येगळं पातेलं. लपवलं ते तू तेबी बंद करशील म्हनून. आनि तू मला चोर म्हनतीस?"

मी आठवून बघितलं. मॅडम माझ्याशीही 'मीठ' म्हणाल्याच नव्हत्या. "मांसाहार बंद आणि अळणी सांगितलंय त्यांना," असंच म्हणाल्या होत्या. मीठ मी माझ्या मनानं काढलं होतं, आणि आक्कांनी त्यांच्या मनानं मटणाचं पाणी. एकाच शब्दानं आम्हा दोघींना महिनाभर झुंजवलं होतं.

"आक्का," मी म्हटलं. "आमच्याकडं, पुण्याकडं, अळणी म्हणजे… बिनमिठाचं."

"मीठ नसलं तर आमी सपक म्हंतो."

"हो. पण त्या अळणी म्हणतात."

आक्कांनी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. मग कळलं. कळलेलं मला त्यांच्या तोंडावर दिसलं. त्या तिथंच भुईवर बसल्या.

"म्हंजे ते चढत हुतं… माज्या आळनीनं?"

हाडं उकळून काढलेलं पाणी, दिवसाला दोन वाट्या, थकलेल्या मूत्रपिंडाला.

"माज्या हातानं," आक्का म्हणाल्या. "रोज पुढं बसून, बाळावानी, वाटी संपूस्तवर. माज्या हातानं इख घातलं गं मी त्यास्नी."

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मीही जेवले नाही. आबांनी भिंतीकडं तोंड केलेलं होतं.

सकाळी लॅब उघडायच्या आधी मी मॅडमकडं गेले. सगळं सांगितलं. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग भुवया उंचावल्या.

"पण मी त्यांना विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "या बाजूला मी नवीन, म्हणून मुद्दाम विचारलं, अळणी म्हणजे कळलं ना? तुमच्या सासूबाई तेव्हा बाहेर केसपेपर घ्यायला गेल्या होत्या. आजोबा हसले. म्हणाले, मॅडम, वर्कशॉपात असताना चार वर्षं पुण्यात काढलीत, तिथल्या खानावळीत जेवलोय. अळणी मला शिकवू नका."

मी तशीच घरी परतले. रस्ता कसा संपला आठवत नाही. आक्का आत परातीपुढं बसून होत्या, पिठाला हात न लावता. मी कॉटजवळ गेले.

"आबा, तुम्हाला माहीत होतं."

आबांनी आधी आतल्या दाराकडं बघितलं. "हळू बोल."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"पैल्या दिशी वाटलं, एक वाटी पिऊ आनि मंग सांगू," आबा पुटपुटले. "दुसऱ्या दिशीबी त्येच वाटलं. मंग सांगाय तोंडच ऱ्हाईलं न्हाई. पोरी, मटन सुटलं, मीठ सुटलं, त्यात तेवडी एक वाटी हुती गं. आनि ती पुढं बसायची, वाटी संपूस्तवर. चाळीस वर्सांत कवा बसली न्हवती." त्यांनी माझा हात धरला. "तिला सांगू नगंस. तुजा आबा हाय न्हवं मी?"

हाच तो हात, ज्यानं मला या घरात आणलं होतं. आतून आक्कांचं पुटपुटणं ऐकू येत होतं, "माज्या हातानं, माज्या हातानं." एकाचे माझ्यावर उपकार होते, दुसरीवर अन्याय झाला होता. आणि अन्याय करणाऱ्यांत मीही होते. मी हात सोडवून घेतला.

"आक्का, जरा बाहेर या."

सांगताना मी आबांकडं बघितलं नाही. आक्कांनी सगळं उभ्यानं ऐकलं. मग नवऱ्याला एकच प्रश्न विचारला.

"हिनं मला चोर म्हनलं, मी हिला खोटी म्हनलं, तवा तुमी भिताडाकडं त्वांड करून निजला हुतासा. तवाबी ठावं हुतं?"

"व्हय," आबा म्हणाले.

आक्का आत गेल्या. मला वाटलं, आता रडतील. भांडं आपटल्याचा आवाज आला, मागचं दार वाजलं. परड्यातलं ते पातेलं त्यांनी उकिरड्यात फेकलं होतं. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात चिनी मातीची बरणी होती, मिठाची. त्या घरात सुनेनं मीठ मागून घ्यायचं, बरणीला हात लावायचा नाही, अशी रीत होती. आठ महिने मी मागूनच घेत होते.

"धर," त्या म्हणाल्या. "आजपासनं ही तुज्याजवळ. ह्या मानसावर माजा भरवसा न्हाई. माज्या हातावरबी न्हाई."

त्या दिवसापासून आबांच्या पानात बिनमिठाचं, आणि पलीकडं आक्कांच्या पानातही बिनमिठाचं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या घासाला त्यांचं तोंड वाकडं व्हायचं आणि त्या आबांकडं बघत तो घास गिळायच्या. आबांना ती शिक्षा डायलिसिसपेक्षा भारी पडली असावी. पण आकडा उतरला. दोन पॉइंट नऊ झाला, मग दोन पॉइंट तीन, आणि पुढं अकरा वर्षं तिथंच गोळ्यांवर रेंगाळला. कोल्हापूरच्या सुया काही त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत.

मी पडले संशयी. बरणी ताब्यात आली त्याच दिवशी आत मिठाची पातळी जिथं होती तिथं बाहेरून पेन्सिलीनं बारीक रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या रेघेशेजारी आणखी एक रेघ, कोळशाची. मी आक्कांकडं बघितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही. मग आम्ही रोजच खुणा करायला लागलो, मी पेन्सिलीची, त्या कोळशाची. कोण कुणावर लक्ष ठेवतंय, हे दोघींनीही कधी बोलून दाखवलं नाही.

एका रविवारी मी झाकण काढलं तर मीठ दोन्ही रेघांच्या बोटभर खाली. मी आक्कांना हाक मारली. त्यांनी वाकून बघितलं, मी बघितलं. क्षणभर आम्ही एकमेकींच्या डोळ्यांत बघितलं, जुन्या सवयीनं. मग दोघींनीही एकदमच कॉटकडं बघितलं.

आबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.